साडेपाच उशिरा वाजतात

मुंबई विमानतळाच्या सहार कार्गोत ‘ऑफलोड’, म्हणजे विमानात चढायचा माल खाली ठेवणं, हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. फोनवर नुसतं ‘राहिलं’ म्हणतात. "मॅडम, तुमचं राहिलं." पहिल्या वर्षी मी विचारायचे, काय राहिलं? कुठे राहिलं? आता विचारत नाही. रात्री दीड-दोनला फोन वाजला आणि पलीकडून आधी खोकला आला, की मी वही ओढून घेते.

मी एका फ्रेट फॉरवर्डरकडे, म्हणजे दुसऱ्यांचा माल पाठवून देणाऱ्या कंपनीत, एक्स्पोर्ट डेस्कवर आहे. सोळा वर्षं झाली. नातेवाइकांच्या मते मी ‘एअरपोर्टवर’ असते, आणि एक आत्या अजून स्वस्त तिकिटाची वाट बघते आहे. प्रत्यक्षात मी दिवसातून एकही विमान बघत नाही. माल कोणत्या मिनिटाला कुठे असायला हवा होता आणि तो खरोखर कुठे आहे, यातला फरक मोजायचा, लिहून ठेवायचा आणि महिन्याच्या शेवटी युरोपातल्या मुख्यालयाला त्याचा हिशेब द्यायचा, हे माझं काम. हिशेब हिरव्या आणि लाल चौकोनांत असतो. शंभरातले पंच्याण्णव हिरवे हवेत. नव्वद आले तर सोमवारच्या कॉलवर मला बोलावं लागतं. पंच्याण्णव आले तर कुणी काही विचारत नाही.

हे चौकोन आमच्या साहेबाने काढलेले नाहीत. विमान कंपन्या आणि फॉरवर्डर यांनी १९९७ साली आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या, छत्राखाली ‘कार्गो २०००’ नावाचा गट काढला, २०१६ मध्ये त्याचं नाव ‘कार्गो आयक्यू’ झालं. त्यांची कल्पना साधी होती. माल पोचला की नाही एवढंच बघू नका, वाटेतले टप्पे ठरवा, प्रत्येक टप्प्याला वेळ लावा आणि वेळ चुकली की तिथल्या तिथे कळू द्या. त्या टप्प्यांना तीन-तीन अक्षरांची नावं आहेत. आता माझ्या डोक्यात ती बाराखडीसारखी बसली आहेत. एफडब्ल्यूबी म्हणजे एअरवे बिलाची, मालाच्या हवाई पावतीची, माहिती विमान कंपनीच्या कंप्युटरला गेली. एलएटी म्हणजे माल स्वीकारण्याची शेवटची वेळ, आमच्या बोलण्यातला ‘कटऑफ’. आरसीएस म्हणजे माल हातात आला, वजन जुळलं, कागद जुळले, एक्स-रे झाला, आता जबाबदारी कंपनीची. डीईपी म्हणजे उडालं. मग आरसीएफ म्हणजे पलीकडे विमानातून उतरून ताब्यात आला, एनएफडी म्हणजे घेणाऱ्याला तशी खबर दिली, आणि शेवटी डीएलव्ही, म्हणजे पलीकडच्या माणसाने सही करून माल उचलला.

एअरवे बिलाचा नंबर अकरा आकडी असतो. पहिले तीन आकडे विमान कंपनीचे, उदाहरणार्थ एअर इंडियाचे ०९८. पुढचे सात अनुक्रमांकाचे. आणि शेवटचा आकडा म्हणजे त्या सात आकडी संख्येला सातने भागल्यावर उरलेली बाकी. १२३४५६७ ला भागा, बाकी ५ उरते, म्हणून नंबर १२३४५६७५. म्हणजे कुठलंही एअरवे बिल ७, ८ किंवा ९ या आकड्यावर संपूच शकत नाही. गोंगाटात कुणी फोनवर नंबर सांगितला आणि शेवटी ‘आठ’ म्हणाला, की मी न बघता म्हणते, "परत वाचा." नव्या मुलांना ही जादू वाटते. एवढी एकच जादू मला येते, त्यामुळे मी तिचं गुपित लवकर फोडत नाही.

या सगळ्या अक्षरांत खरा खेळ एलएटीचा. समजा विमान कंपनी म्हणते, नाशवंत माल उड्डाणाच्या चार तास आधी हवा. विमान रात्री २:५०चं असेल तर कटऑफ १०:५०. मी आंबेवाल्याला १०:५० कधीच सांगत नाही. मी सांगते, आठ. आठ सांगितलं की तो ट्रकवाल्याला सांगतो, सात. ट्रकवाल्याला ठाऊक असतं की शेठ सात म्हणतात तेव्हा नऊ चालतात. मलाही हे ठाऊक आहे, म्हणून तर मी आठ सांगते. शिवाय कंपनीच्या काउंटरवरच्या ओळखीच्या माणसाला ठाऊक असतं की १०:५० नंतरही दहा-पंधरा मिनिटं तो डोळेझाक करू शकतो, हे तो मला कधीच सांगत नाही आणि मी कधीच विसरत नाही. एका कटऑफवर असे चार-पाच थर चढलेले असतात. खरी वेळ मधे कुठेतरी असते, पानगीतल्या पिठासारखी, वरून पान तेवढं दिसतं.

खोट्या वेळांचं मला फारसं वावडं नाही. ते घरातूनच आलं.

माझे बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, कणकवली स्टँडवर. काचेच्या खिडकीमागे बसून गाड्यांच्या वेळा वहीत चढवायच्या, लॉगशीटवर सही करायची, माइकवरून फलाट सांगायचे. मे महिन्यात मुंबईच्या गाड्यांच्या टपावर आंब्याच्या पेट्या चढायच्या आणि कुठलीच गाडी वेळेवर निघायची नाही. दोरखंड आवळायचे राहिलेले असायचे, कुणाची तरी म्हातारी अजून रिक्षातून उतरत असायची. मी सुट्टीत डबा घेऊन जायचे, तर साडेपाचची गाडी पावणेसहाला हलली तरी बाबा वहीत लिहीत ५:३०. मी सातवीत होते, नुकतीच प्रामाणिकपणाची स्पर्धा वगैरे जिंकलेली. म्हटलं, बाबा, हे खोटं आहे. बाबांनी पेनचं टोपण लावलं. म्हणाले, "गो, साडेपाचची गाडी साडेपाचाकच सुटता. कधी कधी साडेपाचच उशिरा वाजतत."

हे वाक्य मी अनेक वर्षं विनोद म्हणून सांगत आले. मग एका मार्चअखेरच्या सोमवारी माझ्या एक्सेलमधल्या फ्रँकफर्टच्या सगळ्या आगमनांना एक तास उशीर दिसायला लागला. सगळ्या ओळी लाल. विमानतळाच्या नोंदीत विमानं अगदी वेळेवर. अर्धा तास मी वेड्यासारखी शोधत होते. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात, आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजलेले असताना. साडेचार तासांचं अंतर साडेतीन होतं. माझं सूत्र मात्र हिवाळ्यातलंच होतं, इमानदारीत साडेचार मिळवत बसलेलं. सूत्र दुरुस्त केलं आणि बाबांना फोन केला. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी विचारलं, जेवलीस काय?

आता त्या मे महिन्यातल्या रात्रीकडे येते. त्यासाठीच लिहायला बसले.

रत्नागिरीकडचा एक निर्यातदार, आमचा जुना गिऱ्हाईक. नाव लिहीत नाही. फ्रँकफर्टला ३६० बॉक्स हापूस. युरोपला आंबा पाठवायचा म्हणजे आधी त्याला अंघोळ: ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात साठ मिनिटं, फळमाशीची अंडी मरावीत म्हणून. २०१४ च्या १ मेपासून युरोपीय संघाने आपल्या आंब्यावर बंदी घातली होती, याच माशीपायी, ऐन मोसमात. २०१५ च्या जानेवारीत ती उठवायचं ठरलं. तेव्हापासून पाण्याचं तापमान, पाण्यातली मिनिटं, फळाला कीड-रोग नसल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, सगळं काटेकोर. अमेरिकेची तऱ्हा निराळी, तिथे विकिरण लागतं. २०२५ च्या मे महिन्यात तिथल्या विमानतळांवर आपल्या पंधराएक खेपा कागदपत्रांतल्या त्रुटींवरून अडकल्या, आणि परत आणायचा खर्च परवडेना म्हणून चांगला आंबा तिथेच नष्ट करावा लागला. असं काही ऐकलं की आमच्या डेस्कवर दोन दिवस सगळे एकमेकांचे कागद परत परत वाचतात. तिसऱ्या दिवशी परत पहिल्यासारखं.

तर त्या गुरुवारी वाशीत आंघोळ, सुकवणी, पॅकिंग होऊन गाडी निघाली. मी आठ सांगितले होते, गाडी सहारच्या गेटवर ८:५० ला. म्हणजे सगळं ठरल्यासारखं. रांगेत ट्रक, ट्रकांखाली वर्तमानपत्रं पसरून झोपलेले क्लीनर, आणि पलीकडे सहार गावातल्या जुन्या क्रुसावर कुणी तरी लावलेली मेणबत्ती. हे वर्णन मी फोनवरून ऐकलेलं आहे. आमचा डॉकवरचा पोरगा बोलका आहे, ‘माल उतरतोय’ एवढं सांगायला त्याला पाच मिनिटं लागतात.

९:३५ ला त्याचा परत फोन. या वेळी एकच वाक्य. "मॅडम, वजन जुळत नाय."

एअरवे बिलावर १,३६८ किलो. काट्यावर १,४३३. पासष्ट किलोंचा फरक, चालवून घेण्याच्या मर्यादेपलीकडचा. आंबे मोजले, बॉक्स मोजले, ३६० बरोबर. मग शिपिंग बिलातलं, म्हणजे कस्टम्सच्या निर्यात-कागदातलं, वजन दुरुस्त करायचं, त्यासाठी आमच्या कस्टम्स एजंटला जेवणावरून उठवायचं, मग अधिकाऱ्याकडे, मग एलईओ, म्हणजे कस्टम्सची निर्यातीची परवानगी, मग एअरवे बिलाची दुरुस्ती, एफडब्ल्यूबी नव्याने. माझे राखलेले दोन तास असे विरघळले. काउंटरवरच्या माणसाने त्याची ती न सांगितलेली पंधरा मिनिटं दिली. तरीही आरसीएस पडला ११:१२ ला. बावीस मिनिटं उशीर.

बावीस मिनिटांनी विमान चुकत नाही. माल घेतला, थंड खोलीतून काढला, पॅलेटवर रचला, जाळी टाकली. पण उशिरा आला म्हणून शेवटच्या पॅलेटवर चढला. आणि दीड वाजता तो खोकला आला.

त्या रात्री विमान भरलेलं होतं. मे महिना, सुट्ट्या, परदेशातली लेकरं आजोळ करून परत निघालेली. प्रवाशांच्या सामानाचं वजन अंदाजापेक्षा वाढलं. प्रवासी विमानाच्या पोटात सामानाचा मान पहिला, कार्गो उरलेल्यात. वजन कमी करायचं तर शेवटचं पॅलेट काढणं सगळ्यात सोपं. आता मुंबईहून मे महिन्यात युरोपला निघालेल्या बॅगांत काय असतं, हे मी कशाला सांगू? लोणचं, कुळथाचं पीठ, आणि साडीत गुंडाळलेले आंबे. काकांच्या बागेतले. त्यांना कुणी ४८ अंशांत साठ मिनिटं बुडवलेलं नसतं. ते आंबे वर गेले आणि कागद पूर्ण असलेले ३६० बॉक्स डॉलीवरून परत शेडमध्ये आले.

यानंतर मी जे केलं ते लिहिताना जरा थांबले होते.

नियम असा आहे की योजना आपल्या बाजूने चुकली तर चौकोन लाल. पण गिऱ्हाइकाने स्वतःहून बदल मागितला तर नवी योजना, नव्या वेळा, आणि जुना टप्पा पुसला जातो. हा नियम न्यायाचाच आहे. गिऱ्हाइकाचं मन बदललं त्याची शिक्षा आम्हाला कशाला? मात्र विमान उडायच्या आत तो बदल नोंदवला गेला पाहिजे. घड्याळात १:४० झाले होते, फ्रँकफर्टला रात्रीचे १०:१०. माल घेणारा व्यापारी जागा होता. मी त्याला फोन करून परिस्थिती सांगितली आणि म्हटलं, उद्याच्या विमानाने चालेल असं एका ओळीत लिहून द्याल का? तो थकलेला होता. त्याच्यापुढे दुसरा पर्याय नव्हताच, विमान त्याच्या ‘नाही’साठी थांबणार नव्हतं. त्याने लिहून दिलं. मराठीत ‘चालेल’ या शब्दात जेवढी अगतिकता मावते तेवढी त्याच्या इंग्रजी ओळीतही मावली होती.

मी बदल नोंदवला. चौकोन हिरवा.

माल शुक्रवारऐवजी शनिवारी सकाळी पोचला. तपासणी होऊन हातात येईतो शनिवारचा बाजार हातचा गेलेला, रविवारी जर्मनीत दुकानं बंद. गरम पाण्यातून निघालेला आंबा तसाही घाईत असतो, तो सोमवारची वाट बघत नाही. निर्यातदाराचा फोन सोमवारीच आला. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याला आमच्या पोर्टलचा पासवर्ड दिलेला आहे, त्याने ते उघडून बघितलं होतं. म्हणाला, "ताई, सगळं हिरवं दिसतंय. मग माझे पैसे कोणी कापले?"

त्या महिन्यात आमचे शंभरात शहाण्णव आले. कॉलवर कुणी काही विचारलं नाही.

मला एक गोष्ट बरेच दिवस कळत नव्हती. आभाळ कोसळलं की कारण लिहायला काही त्रास होत नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलंडमधला तो ज्वालामुखी फुटला, राखेमुळे युरोपचं बहुतेक आकाश सहा दिवस बंद होतं. मी नवीन होते, शेकडो ओळी लाल झाल्या आणि सगळ्यांपुढे एकच कारण डकवलं, झालं. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, धावपट्टी पाण्याखाली गेली. तेव्हा शेडमध्ये असलेले लोक अजून त्याच्या गोष्टी रंगवून सांगतात, त्यात कुणाचाही दोष नाही. बावीस मिनिटांची गोष्ट मात्र कुणी रंगवत नाही. यादीतून ‘विमानाची वजनमर्यादा’ निवडा, पुढे चला. कागदावर ते खरंही आहे. पॅलेट वजनापायीच निघालं.

पण ते पासष्ट किलो आले कुठून, हे मला सोडेना. आंबे तेवढेच, बॉक्स तेवढेच. पासष्ट भागिले तीनशे साठ, म्हणजे बॉक्समागे साधारण १८० ग्रॅम. एखादा मोठा आंबा पावशेराच्या आसपास भरतो, त्याहूनही कमी. पुढच्या गुरुवारी मी डॉकवरच्या पोराला एक रिकामा बॉक्स डेस्कवर पाठवायला सांगितला. खपटाच्या कडेला नख लावून बघितलं. पाच पदरी. याआधी तीन पदरी असायचा. मी निर्यातदाराला फोन लावला. बॉक्स कधी बदललात?

"तुम्हीच सांगितलंत ना," तो म्हणाला.

मेल शोधली. त्या खेपेच्या नऊ दिवस आधीची, माझ्याच नावाने. फ्रँकफर्टहून तक्रार आली होती, खालच्या थरातले बॉक्स दबले, फोटो सोबत. मी ती पुढे ढकलताना वर एक ओळ लिहिली होती: कृपया पुढच्या खेपेपासून मजबूत बॉक्स वापरावेत. त्याने वापरले. बॉक्समागे पैसे जास्त मोजून वापरले. आणि वजनाच्या रकान्यात त्याच्या माणसाने सवयीने मागच्या खेपेचाच आकडा उतरवला, कारण तीनशे साठ बॉक्स म्हणजे १,३६८ किलो हे त्यांच्याकडे पाठ होतं.

म्हणजे जिच्या घड्याळात उशीर ११:१२ ला दिसला, तो उशीर तिनेच नऊ दिवस आधी, दुपारी, चहा पिता पिता रवाना केला होता. त्याला एलएटी नव्हता, कोणता चौकोन नव्हता. सोळा वर्षं मी उशीर जिथे दिसतो तिथे तो शोधते आहे, डॉकवर, काउंटरवर, मानखुर्दच्या ट्रॅफिकमध्ये. बहुतेक वेळा तो तिथे नुसता येऊन उभा राहिलेला असतो, निघालेला भलतीकडूनच असतो.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते आता पंचाहत्तरीला आले आहेत, ऐकू कमी येतं, पण गाड्यांचं ऐकू येतं. त्यांनी शांतपणे ऐकून विचारलं, मग तू वहीत काय लिवलंस? मी म्हटलं, बदल गिऱ्हाइकाने मागितला असं. बाबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ते गाडीची खरी वेळ दुसऱ्या एका वहीत लिहायचे. घरची वही, बिलं लिहायची. रोज नाही, पण ड्रायव्हरवर ठपका येण्यासारखं काही असलं की. उद्या कुणी विचारलं तर हाताशी असावं. कुणी विचारलं का? "नाय," बाबा म्हणाले. वही कुठे आहे ते त्यांना आठवलं नाही. आईच्या मते वाळवीने खाल्ली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मोसमाच्या शेपटाला, मी निर्यातदाराला परत फोन केला. आधी कबूल केलं की तो हिरवा चौकोन माझा होता. मग बॉक्सचं सांगितलं, १८० ग्रॅमचं, पासष्ट किलोंचं, शेवटच्या पॅलेटचं. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"म्हणजे आता परत जुना बॉक्स घालू म्हणता?"

"नको. जुना दबतो. नवाच घाला. फक्त वजन पाठ करू नका. गाडी भरायच्या आधी दर वेळी काट्यावर चढवा आणि तोच आकडा मला कळवा."

"पॅकिंग संपतं साडेसातला," तो म्हणाला.

"मग?"

"काटा सातला बंद होतो, ताई."